बारा महिन्यांच्या सीएसव्ही फायली एका तक्त्यात आणताना

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि गृहनिर्माण संस्थेच्या नव्या खजिनदारासमोर पहिले काम येऊन पडते ते बँकेच्या खातेउताऱ्याचे. उतारा दर महिन्याला वेगळा उतरवून ठेवलेला असतो, त्यामुळे एप्रिल ते मार्च अशा बारा सीएसव्ही फायली संगणकावर जमलेल्या असतात. लेखापरीक्षकाला मात्र वर्षभराच्या सगळ्या नोंदी एकाच तक्त्यात, तारखेच्या क्रमाने हव्या असतात. पहिल्या वर्षी बहुतेक जण एकेक फाइल उघडून तिच्यातील मजकुराची नक्कल करतात आणि ती एकाखाली एक चिकटवत जातात. हा उद्योग अर्ध्या तासात उरकतो, पण त्यात काही चुकले आहे हे कळायला कधी कधी सप्टेंबरमधली वार्षिक सर्वसाधारण सभा उजाडावी लागते.

ज्यांनी हे काम पूर्वी कधीच केलेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मुख्य पद्धत विंडोज संगणकावरील एक्सेलच्या पॉवर क्वेरी या सोयीची घेतली आहे, कारण ती एकदा नीट बसवली की पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येते. उदाहरण खातेउताऱ्याचे असले तरी शाळेच्या हजेरीपत्रकांना, पावसाच्या दैनंदिन नोंदींना किंवा दुकानाच्या मासिक विक्रीलाही हीच रीत लागू पडते. फायली जोडण्याचे काम मुळात सोपे आहे. जोडताना काही गळले नाही, दुबार आले नाही आणि परस्पर बदलले नाही, याची खात्री करणे हे त्याहून मोठे काम आहे, आणि म्हणून पुढील मजकुरातही त्यालाच अधिक जागा दिली आहे.

फाइलीत प्रत्यक्ष काय असते

सीएसव्ही ही साध्या मजकुराची फाइल असते. तिच्यात रंग, ठळक अक्षरे, सूत्रे किंवा अनेक पाने नसतात. एक ओळ म्हणजे एक नोंद आणि दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम, एवढाच तिचा संसार. एक्सेल बसवलेल्या संगणकावर अशा फाइलीच्या चिन्हावर सहसा एक्सेलचीच खूण दिसते, त्यामुळे ती एक्सेलची फाइल आहे असा समज होतो आणि पुढचे बरेच घोटाळे त्या समजातून सुरू होतात. म्हणून एक फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. त्यासाठी फाइलीवर उजवी कळ दाबून ‘ओपन विथ’मधून नोटपॅड निवडावे. देवनागरी अंकांत लिहून दाखवायची तर त्यातील एक ओळ साधारण अशी दिसते:

०३/०४/२०२४,"यूपीआय, सदनिका ३०४ देखभाल",४०९४१२३४५६७८,,३५००.००,१२८४५०.००

रकाने सहा आहेत: तारीख, तपशील, संदर्भ क्रमांक, नावे (म्हणजे खात्यातून गेलेली रक्कम), जमा आणि शिल्लक. तपशिलामध्येच एक स्वल्पविराम आला आहे, म्हणून तो संपूर्ण मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत घातला आहे. तसे केले नसते तर ‘यूपीआय’ एका रकान्यात आणि ‘सदनिका ३०४ देखभाल’ पुढच्या रकान्यात गेले असते व त्यापुढची प्रत्येक रक्कम एक घर उजवीकडे सरकली असती. संदर्भ क्रमांकानंतर लागोपाठ दोन स्वल्पविराम आहेत, याचा अर्थ नावे हा रकाना रिकामा आहे. अवतरणचिन्हांचा हा संकेत ऑक्टोबर २००५मध्ये आरएफसी ४१८० या दस्तऐवजात लेखी नोंदवला गेला, परंतु तोपर्यंत हा प्रकार अनेक दशके वापरात होता आणि आजही प्रत्येक प्रणाली तो संकेत काटेकोरपणे पाळतेच असे नाही. काही फायलींत स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम किंवा टॅब असतो. काहींमध्ये रकमाच भारतीय पद्धतीने स्वल्पविराम देऊन, अवतरणचिन्हांत लिहिलेल्या असतात.

खातेउताऱ्यात आणखी एक गोष्ट हमखास आढळते: रकान्यांच्या मथळ्याच्या ओळीआधी खातेदाराचे नाव, पत्ता, शाखा, उताऱ्याचा कालावधी अशा पाच-दहा ओळी असतात आणि सगळ्यात शेवटी एखादी समाप्तीची सूचना असते. नोटपॅडमध्ये पाहताना मथळ्याची ओळ वरून कितवी आहे ते मोजून कागदावर लिहून ठेवावे. पुढे तो आकडा लागेल.

जोडण्यापूर्वीची आवराआवर

सर्व बारा फायली एका स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि त्या फोल्डरमध्ये दुसरे काहीही ठेवू नये. एकत्रित तक्त्याची एक्सेल फाइलसुद्धा त्याबाहेर असावी. ती आत ठेवली तर पुढच्या वेळी एक्सेल तीही जोडायला घेईल. बँकेकडून आलेल्या फायलींची नावे बहुधा खाते क्रमांक आणि काही आकडे अशा स्वरूपाची असतात. ती बदलून वर्ष आधी आणि महिना नंतर, म्हणजे २०२४-०४, २०२४-०५ अशा क्रमाने द्यावीत. ‘एप्रिल’, ‘ऑगस्ट’ अशी नावे दिल्यास संगणक ती अक्षरक्रमाने लावतो, आणि महिन्यांची इंग्रजी नावे असली तर एप्रिलच्या मागोमाग ऑगस्ट आणि त्यानंतर डिसेंबर येतो.

दुसरी खबरदारी अधिक महत्त्वाची आहे. मूळ फाइल दोनदा कळ दाबून एक्सेलमध्ये उघडू नये आणि उघडली तरी ती कदापि जतन करू नये. अशा रीतीने उघडताना एक्सेल प्रत्येक मजकुराचा स्वतःच्या समजुतीप्रमाणे अर्थ लावते: आकड्यांच्या आधीचे शून्य काढून टाकते, बारा किंवा त्याहून अधिक अंकांचा क्रमांक घातांकाच्या रूपात दाखवते आणि तारखेसारखे दिसणारे काहीही तारीख मानते. नुसते पाहून फाइल बंद केली तर मूळ मजकुराला धक्का लागत नाही. पण जतनाची कळ दाबली की पडद्यावर जे दिसते तेच फाइलीत लिहिले जाते, आणि बारा अंकांच्या संदर्भ क्रमांकाचे पहिले सहा अंक तेवढे शिल्लक राहतात. अलीकडच्या एक्सेलमध्ये असे आपोआप होणारे काही बदल बंद करण्याची सोय पर्यायांच्या ‘डेटा’ विभागात दिलेली आहे. तरीही फोल्डरमधील सर्व फायलींच्या गुणधर्मांत जाऊन ‘रीड ओन्ली’ची खूण करून ठेवणे हा माझ्या मते अधिक भरवशाचा उपाय आहे.

हा त्रास केवळ हिशेबनिसांना होतो असे नाही. मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२०मध्ये काही जनुकांची नावेच बदलल्याचे जाहीर केले, कारण ‘मार्च१’सारखे नाव टंकताच एक्सेल त्याची १ मार्च ही तारीख करून टाकत असे. त्या जनुकाचे नाव आता ‘मार्चएफ१’ आहे.

फोल्डरवरून थेट जोडणी

पॉवर क्वेरी एक्सेल २०१६पासून अंगभूत आहे. २०१० आणि २०१३ या आवृत्त्यांना ती वेगळी जोडावी लागत असे. एक्सेलमध्ये कोरी फाइल उघडून ‘डेटा’ या पट्टीवर जावे आणि ‘गेट डेटा’, त्यात ‘फ्रॉम फाइल’, त्यात ‘फ्रॉम फोल्डर’ असे निवडत जाऊन आपला फोल्डर दाखवावा. एक यादी समोर येईल. त्या यादीत बरोबर बारा नावे आहेत ना हे येथेच मोजावे. अकरा असतील तर एक महिना उतरवायचा राहिला आहे, आणि तेरा असतील तर बहुधा एकच महिना दोनदा उतरवला गेला आहे व दुसऱ्या प्रतीच्या नावामागे कंसात आकडा लागला आहे.

त्यानंतर ‘कंबाइन’ या बटणाखालील ‘कंबाइन अँड ट्रान्सफॉर्म डेटा’ निवडावे. याच्या शेजारीच जोडून थेट पानावर उतरवण्याचा पर्याय असतो, तो नवख्या माणसाने घेऊ नये. त्यात मधले काहीच तपासता येत नाही. आता जी खिडकी उघडते तिच्यात चार गोष्टी ठरवायच्या असतात. नमुना फाइल म्हणून पहिली फाइल आपोआप निवडलेली असते, ती तशीच राहू द्यावी. ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ हा क्रमांक असलेला युनिकोड यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा. विभाजक म्हणून स्वल्पविराम दाखवावा. चौथा पर्याय ‘डेटा टाइप डिटेक्शन’चा, तेथे मुळात पहिल्या दोनशे ओळींवरून प्रकार ओळखण्याची सूचना निवडलेली असते, ती बदलून प्रकार ओळखूच नयेत अशी करावी. तारीख कोणती, रक्कम कोणती आणि क्रमांक कोणता हे आपल्याला माहीत आहे, ते आपणच सांगावे.

फाइल ओरिजिनचे महत्त्व मराठी मजकूर असेल तेव्हा विशेष जाणवते. सभासदांची नावे देवनागरीत असलेली फाइल चुकीच्या सांकेतिक पद्धतीने वाचली गेली, तर नावांऐवजी डोक्यावर चिन्हे मिरवणारी रोमन अक्षरे दिसू लागतात. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि जुन्या पद्धतीने वाचणारी प्रणाली त्या प्रत्येक बाइटाचे वेगळे अक्षर दाखवते, एवढाच त्याचा अर्थ. फाइल बिघडलेली नसते. बरोबर पर्याय निवडला की नावे जागच्या जागी उमटतात.

‘ओके’ म्हटल्यावर पॉवर क्वेरीचा संपादक उघडतो. डावीकडे काही नावांची उतरंड दिसते आणि नवखा माणूस येथेच गोंधळतो, म्हणून थोडे सावकाश पाहू. त्या उतरंडीत ‘ट्रान्सफॉर्म सॅम्पल फाइल’ नावाची एक नोंद असते आणि तळाशी आपल्या फोल्डरच्या नावाची दुसरी. पहिल्या ठिकाणी एका नमुना फाइलीवर जे संस्कार आपण करतो, तेच बाराही फायलींवर प्रत्येकी एकदा होतात. दुसऱ्या ठिकाणी जोडून झालेला संपूर्ण तक्ता असतो. वरच्या नाव-पत्त्याच्या ओळी काढणे आणि मथळा ठरवणे ही कामे प्रत्येक फाइलीवर व्हायला हवीत, म्हणून ती पहिल्या ठिकाणीच केली पाहिजेत. ती चुकून तळच्या नोंदीवर केली तर एप्रिलच्या वरच्या ओळी जातील आणि उरलेल्या अकरा महिन्यांचे नाव-पत्ते व मथळे तक्त्याच्या मध्ये मध्ये तसेच पडून राहतील.

‘ट्रान्सफॉर्म सॅम्पल फाइल’वर कळ दाबून आधी उजवीकडील पायऱ्यांच्या यादीत ‘सोर्स’ ही पहिली पायरी निवडावी आणि वरच्या सूत्रपट्टीत पाहावे. तेथे ‘कॉलम्स’ या शब्दापुढे एक आकडा दिसेल. वरच्या नाव-पत्त्याच्या ओळींत रकाने कमी असल्यामुळे कधी कधी हा आकडा सहाऐवजी दोन किंवा तीन असा ओळखला जातो, आणि तसे झाले तर उजवीकडचे रकाने कोणतीही सूचना न देता गायब होतात. आकडा चुकला असेल तर तेथेच खोडून बरोबर लिहावा. त्यानंतर ‘रिमूव्ह रोज’मधील ‘रिमूव्ह टॉप रोज’ घेऊन, मघाशी कागदावर लिहिलेल्या आकड्यातून एक वजा करून तेवढ्या ओळी काढाव्यात. मथळा आठव्या ओळीत असेल तर सात. मग ‘यूझ फर्स्ट रो ॲज हेडर्स’ म्हणावे. असे म्हणताच पायऱ्यांच्या यादीत ‘चेंज्ड टाइप’ ही पायरी बहुतेक वेळा न सांगता दाखल होते. तिच्या डावीकडची फुली दाबून ती काढून टाकावी, कारण आपण पुढच्या दाराने बंद केलेली प्रकार-ओळख ती मागच्या दाराने पुन्हा आत आणते.

येथेच आणखी दोन गोष्टी उरकून घ्याव्यात. उताऱ्यात ताजी नोंद सर्वांत वर असेल, तर ‘ट्रान्सफॉर्म’ पट्टीवरील ‘रिव्हर्स रोज’ने क्रम उलटा करावा. त्यानंतर ‘ॲड कॉलम’ पट्टीवरून ‘इंडेक्स कॉलम’ जोडावा, म्हणजे प्रत्येक नोंदीला तिच्या फाइलीतील अनुक्रमांक मिळतो. एकाच दिवशी पाच नोंदी असतील तर त्यांचा आपसातला क्रम तारखेवरून कळत नाही, तो या अनुक्रमांकावरून कळतो. पुढे ताळा पाहताना त्याचाच आधार आहे.

आता तळच्या, फोल्डरच्या नावाच्या नोंदीवर यावे. तेथे बहुधा पिवळ्या पट्टीत चूक दाखवलेली असेल. घाबरण्याचे कारण नाही. तेथेही शेवटी ‘चेंज्ड टाइप’ बसलेले असते आणि ते आता अस्तित्वात नसलेले जुने मथळे शोधत असते. ती पायरी काढली की तक्ता दिसू लागतो. डावीकडच्या पहिल्या रकान्यात, ज्याचे नाव ‘सोर्स डॉट नेम’ असे असते, प्रत्येक ओळ कोणत्या फाइलीतून आली ते लिहिलेले असते. अनावश्यक वाटून अनेक जण हा रकाना काढून टाकतात. तो काढू नये. एखादी रक्कम संशयास्पद वाटली तर मूळ उतारा शोधण्याचा तोच एक दुवा आहे.

तारीख, क्रमांक, रक्कम

सध्या सर्व रकाने साधा मजकूर म्हणून आहेत. संदर्भ क्रमांक तसाच राहू द्यावा. ज्या आकड्यांची आपण कधी बेरीज-वजाबाकी करत नाही, मग तो संदर्भ क्रमांक असो, खाते क्रमांक असो, आधार क्रमांक असो वा भ्रमणध्वनी क्रमांक, ते सगळे मजकूर मानावेत. एक्सेल कोणत्याही संख्येचे पंधराच अंक खरे जपते आणि त्यापुढच्या अंकांच्या जागी शून्ये भरते, त्यामुळे सोळा अंकी क्रमांक संख्या म्हणून आत आला की त्याचा शेवटचा अंक कायमचा जातो. यूपीआयचा संदर्भ क्रमांक बारा अंकी असल्याने त्याला ही भीती नाही, पण दुसरी आहे. त्याचा पहिला अंक सहसा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन अंक वर्षातील कितवा दिवस ते सांगतात. वरच्या नमुन्यातील ४०९४ म्हणजे २०२४मधील चौऱ्याण्णवावा दिवस, अर्थात ३ एप्रिल. या हिशेबाने २०२० सालचे क्रमांक शून्याने सुरू होतात. जुने उतारे जोडताना ते संख्या म्हणून घेतले, तर बारा अंकांचे अकरा, दहा किंवा नऊच उरतात.

तारखेचे प्रकरण याहून नाजूक आहे, आणि येथे माझी स्वतःची फजिती सांगणे भाग आहे. पहिल्या वर्षी मी फायली एक्सेलमध्ये थेट उघडून चिकटवल्या होत्या आणि माझ्या संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी होती, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस. ०३/०४/२०२४ ही ३ एप्रिल तेथे ४ मार्च झाली. २५/०४/२०२४ला पंचविसावा महिना नसल्यामुळे ती तारीख म्हणून ओळखलीच गेली नाही आणि मजकूर म्हणून चौकटीत डावीकडे चिकटून बसली. प्रत्येक महिन्याच्या १ ते १२ तारखांच्या नोंदी अशा इतर महिन्यांत विखुरल्या. केवळ ४ एप्रिल, ५ मे अशा दिवस आणि महिना सारखे असलेल्या तारखा तेवढ्या वाचल्या. वर्षाची एकूण जमा मात्र पैशापर्यंत जुळत होती, कारण तारीख बदलली तरी रक्कम बदलत नाही, आणि त्या जुळलेल्या बेरजेवर विसंबून मी तक्ता पुढे पाठवला. देखभाल शुल्काची महिनावार वसुली काढायला घेतली तेव्हा १ जानेवारी ते ३१ मार्च २०२४ या काळातल्या, म्हणजे आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वीच्या नोंदी दिसू लागल्या आणि मग उलगडा झाला.

म्हणून तारखेच्या रकान्याचा मथळा निवडून, त्याच्या डावीकडील प्रकाराच्या चिन्हावर कळ दाबावी आणि यादीतला ‘डेट’ थेट न घेता सर्वांत खालचा ‘यूझिंग लोकेल’ निवडावा. तेथे प्रकार तारीख आणि भाषा-प्रदेश म्हणून इंग्लिश (इंडिया) द्यावा, म्हणजे संगणकाची मांडणी कोणतीही असली तरी आधी दिवस आणि मग महिना असेच वाचले जाते. नावे, जमा आणि शिल्लक या रकान्यांनाही याच मार्गाने दशांश संख्या करावे. ज्या चौकटींचे रूपांतर होऊ शकले नाही त्यांत ‘एरर’ असे उमटते. उताऱ्याच्या शेवटची समाप्तीची सूचना, एखादी ‘एकूण’ची ओळ, अशा ओळी येथे उघड्या पडतात; ‘कीप एरर्स’ने त्या आधी डोळ्यांखालून घालाव्यात, मग ती पायरी रद्द करावी आणि खात्री पटली की ‘रिमूव्ह एरर्स’ने तारखेच्या रकान्यातील चुकांच्या ओळी काढाव्यात. न पाहता काढू नयेत. चुकांमध्ये खरी नोंद सापडण्याचे प्रसंग येतात, विशेषतः तपशिलाच्या मजकुरात मध्येच ओळ तुटलेली असते तेव्हा. तसे आढळले तर ‘सोर्स’ पायरीच्या मांडणीत जाऊन अवतरणचिन्हांतील ओळतोड दुर्लक्षित करण्याचा पर्याय निवडावा.

शेवटी ‘सोर्स डॉट नेम’ आणि त्यानंतर अनुक्रमांक अशा चढत्या क्रमाने ओळी लावून ‘क्लोज अँड लोड’ म्हणावे. तक्ता नव्या पानावर उतरतो.

ताळा

पहिला ताळा ओळींचा. तक्त्यावर पिव्हट टेबल (नोंदींचा गटवार सारांश काढण्याची एक्सेलची सोय) लावून ‘सोर्स डॉट नेम’प्रमाणे नोंदींची संख्या काढावी आणि निदान दोन-तीन महिन्यांसाठी ती मूळ फाइलीशी पडताळावी; नोटपॅडमध्ये शेवटच्या नोंदीवर गेल्यास तळपट्टीत ओळीचा क्रमांक दिसतो, त्यातून मथळ्यापर्यंतच्या ओळी वजा केल्या की झाले. दुसरा ताळा तारखांचा: सर्वांत जुनी तारीख १ एप्रिल किंवा तिच्यानंतरची आणि सर्वांत नवी ३१ मार्च किंवा तिच्याआधीची असली पाहिजे. माझ्या फजितीच्या वर्षी एवढे पाहिले असते तरी पुरे होते.

तिसरा ताळा शिलकेचा, आणि वेळ एकाच तपासणीपुरता असेल तर हीच करावी. तक्त्याच्या उजवीकडे एक नवा रकाना घालून त्यात असे सूत्र लिहावे: मागच्या ओळीची शिल्लक, अधिक या ओळीची जमा, वजा या ओळीची नावे रक्कम, वजा या ओळीची शिल्लक, आणि उत्तर ‘राउंड’ने दोन दशांशांपर्यंत आणावे. पहिल्या ओळीपुरती मागची शिल्लक म्हणून गेल्या वर्षीच्या बँकेच्या उताऱ्यातील अखेर शिल्लक हाताने भरावी. नमुन्यातील नोंदीआधी शिल्लक १,२४,९५० असेल, तर त्यात ३,५०० जमा होऊन १,२८,४५० झाले आणि उत्तर शून्य आले. वरपासून खालपर्यंत सगळीकडे शून्य असेल तर मधली एकही नोंद गळलेली नाही, एकही दुबार नाही आणि क्रमही बरोबर आहे. जेथे शून्य नसेल त्या ओळीचा ‘सोर्स डॉट नेम’ पाहावा. गडबड महिन्याच्या पहिल्याच ओळीवर असेल तर आधीच्या महिन्याचा उतारा ३०ऐवजी २९ तारखेपर्यंतच उतरवला गेला असण्याची शक्यता मोठी.

शिलकेचा ताळा आणखी एक छुपा दोष पकडतो. पॉवर क्वेरी फायलींतील रकाने त्यांच्या मथळ्यांच्या नावांवरून जुळवते, आणि कोणती नावे घ्यायची हे नमुना फाइलीवरून ठरते. वर्षाच्या मध्यात बँकेने उताऱ्याचा नमुना बदलून ‘नावे’ या मथळ्याऐवजी दुसरा शब्द वापरला, तर त्या महिन्यापासून पुढे नावे हा रकाना निमूटपणे रिकामा येतो. चूक दाखवली जात नाही. अशा वेळी नव्या नमुन्याच्या फायली दुसऱ्या फोल्डरमध्ये काढून त्यांची वेगळी जोडणी करावी, तेथे मथळे जुन्या नावांप्रमाणे बदलावेत आणि ‘अपेंड क्वेरीज’ने दोन्ही एकत्र आणाव्यात.

दुबार नोंदींबाबत एक इशारा देणे आवश्यक आहे. ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ हे बटण सोयीचे दिसते, परंतु एकाच दिवशी दोन सदनिकांनी ३,५०० रुपये रोख भरले आणि दोन्हींचा तपशील ‘रोख भरणा’ एवढाच असला, तर त्या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. तारीख, तपशील आणि रक्कम हेच रकाने निवडून ते बटण दाबले की एका सभासदाचे पैसे तक्त्यातून नाहीसे होतात. निवडीत शिल्लक हा रकानाही घ्यावा. त्या दोन नोंदींनंतरच्या शिलका वेगळ्या असतात, त्यामुळे दोन्ही वाचतात. एकच दिवस दोन फायलींत आल्यामुळे झालेली खरी दुबार नोंद मात्र शिलकेसह सारखी असते आणि तीच जाते. ‘सोर्स डॉट नेम’ आणि अनुक्रमांक हे रकाने मात्र या निवडीबाहेर ठेवावेत, नाहीतर एकही दुबार सापडणार नाही.

ओळींच्या मर्यादेची चिंता सोसायटीच्या हिशेबात करावी लागत नाही. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. २००७पूर्वीच्या जुन्या स्वरूपात मात्र ही मर्यादा ६५,५३६ होती, आणि ती विसरल्याची किंमत इंग्लंडने मोजली आहे. २०२०च्या शरद ऋतूत तेथे प्रयोगशाळांकडून आलेल्या सीएसव्ही फायली पब्लिक हेल्थ इंग्लंड या यंत्रणेत जुन्या स्वरूपाच्या एक्सेल फायलींत भरल्या जात होत्या. ओळी संपल्यावर उरलेला मजकूर बाहेर राहिला आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून सुटले. ज्यांची नावे सुटली त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोधही त्यामुळे लांबला. आलेल्या ओळी आणि उतरलेल्या ओळी यांची रोज तुलना होत असती तर तफावत पहिल्याच दिवशी दिसली असती.

एक्सेल नसेल तर

गुगल शीट्समध्ये ‘फाइल’, ‘इम्पोर्ट’, ‘अपलोड’ या मार्गाने फाइल दिल्यावर ती कोठे ठेवायची असे विचारले जाते. तेथे ‘ॲपेंड टू करंट शीट’ निवडल्यास नव्या ओळी खाली जोडल्या जातात. मजकुराचे संख्या, तारखा व सूत्रांत रूपांतर करण्याची खूण काढून टाकावी आणि सुरुवातीलाच ‘सेटिंग्ज’मध्ये प्रदेश भारत ठेवावा. प्रत्येक फाइलीचा मथळा व नाव-पत्त्याच्या ओळी हाताने पुसाव्या लागतात आणि रकाने नावावरून न जुळता केवळ क्रमाने जुळतात, त्यामुळे तीन-चार फायलींपलीकडे ही पद्धत कंटाळवाणी होते. लिबरऑफिस कॅल्क सीएसव्ही उघडताना न विचारता काहीच करत नाही, हा त्याचा मोठा गुण. सांकेतिक पद्धत, विभाजक आणि प्रत्येक रकान्याचा प्रकार तेथे आधीच ठरवता येतो. तारखेच्या रकान्यावर कळ दाबून दिवस-महिना-वर्ष हा क्रम आणि संदर्भ क्रमांकाला मजकूर असे सांगावे. पुढची जोडणी मात्र चिकटवूनच करावी लागते.

काही जाणकार आदेश देऊन सगळ्या फायली एका झटक्यात एकाखाली एक जोडण्याचा सल्ला देतात. ते खरोखर क्षणात होते. पण त्यात मथळे बारा वेळा येतात, आणि एखाद्या फाइलीच्या शेवटच्या ओळीनंतर नवी ओळ सुरू केलेली नसेल तर तिची शेवटची नोंद पुढच्या फाइलीच्या पहिल्या ओळीला चिकटते. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

पुढच्या वर्षी हेच काम करताना वर्षाच्या नावाचा नवा फोल्डर करावा, तक्त्याच्या एक्सेल फाइलीची प्रत काढावी आणि पॉवर क्वेरीमध्ये ‘डेटा सोर्स सेटिंग्ज’मधून फोल्डरचा पत्ता बदलावा. त्यानंतर दर महिन्याचा उतारा त्या फोल्डरमध्ये टाकून ‘रिफ्रेश ऑल’ दाबले की तक्ता वाढत जातो. पहिल्या ओळीतील आरंभीची शिल्लक मात्र दर वर्षी आठवणीने बदलावी लागते. ती हाताने भरलेली असल्यामुळे रिफ्रेशने बदलत नाही.